नऊ रकान्यांच्या वहीत सात इनिंग

माझ्या मुलाकडे बेसबॉलचा सामना टिपून ठेवण्याची एक वही आहे. तिच्या प्रत्येक पानावर नऊ खेळाडूंच्या नावांसाठी नऊ ओळी आणि नऊ इनिंगसाठी नऊ रकाने छापलेले आहेत, शिवाय सामना लांबलाच तर उपयोगी पडावेत म्हणून कडेला तीन जादा रकाने आहेत. (बेसबॉलच्या एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा, तीन बाद होईपर्यंत फलंदाजी करतात; यजमान संघ नंतर.) ऑगस्ट २०२१ मधल्या एका पानावर मात्र सातव्या रकान्यानंतर काहीच लिहिलेले नाही. त्या दिवशी पाऊस आला नव्हता आणि मैदानावरचे दिवेही गेले नव्हते; सामना सात इनिंगचाच होणार हे कित्येक आठवडे आधी जाहीर झाले होते. त्यासाठी आम्ही मोजलेले पैसे मात्र नऊ इनिंगच्या सामन्याचे होते. त्या तिकिटांचे पुढे काय काय झाले आणि त्यावरून आमच्या ओळखीच्या लोकांत कसा वाद पेटला, ते क्रमाने लिहून ठेवावे असे मला बरेच दिवस वाटत होते, कारण त्या चार महिन्यांत माझे स्वतःचे मतही दोनदा बदलले.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. इथून तीन मोठ्या संघांची मैदाने गाडीने गाठता येतात आणि त्यांपैकी एका संघावर मुलाचा जीव आहे. त्या संघाचे नाव मी लिहीत नाही. तिथे मला जे अनुभवाला आले ते इतर ठिकाणीही कोणाला आले असेल आणि माझा राग कोणा एका संघावर नाही. २०२० चा हंगाम अवघ्या ६० सामन्यांचा झाला आणि साखळी सामन्यांना प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता, त्यामुळे २०२१ च्या वसंतात मैदाने पुन्हा उघडली तेव्हा मी जराही विचार न करता मे महिन्यातल्या एका शनिवारची चार तिकिटे फोनवर घेतली. दोन माझ्यासाठी व मुलासाठी आणि दोन मुलाच्या मित्रासाठी व त्याच्या बाबांसाठी. एका तिकिटाचे ४८ डॉलर आणि त्यावर ९ डॉलर सेवाशुल्क, म्हणजे माणशी ५७ डॉलर झाले. खुर्च्या अजून अंतर सोडून, गटागटाने दिल्या जात होत्या आणि मधल्या खुर्च्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून ठेवलेल्या होत्या.

त्या शनिवारी आम्ही पोहोचलो तेव्हा मैदानावर ताडपत्री अंथरली जात होती. वरच्या मजल्याच्या आडोशाला आम्ही जवळजवळ दोन तास उभे होतो. मुलाने वहीत दोन्ही संघांची नावे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती आणि पाऊस थोडा कमी झाला की तो माझ्याकडे आशेने बघत होता. तीनच्या सुमारास सामना पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही, कारण बेसबॉलमध्ये पावसाचा हिशेब फार जुना आणि स्पष्ट आहे. पाच इनिंग पूर्ण झाल्या, किंवा यजमान संघ पुढे असताना साडेचार झाल्या, की सामना अधिकृत धरला जातो आणि तिकीट वापरले गेले असे समजतात. त्याआधी सामना रद्द झाला तर तिकिटाची किंमत शाबूत राहते. पूर्वी त्यासाठी तिकिटाचा फाडलेला तुकडा जपून ठेवत असत आणि त्याला ‘रेन चेक’ म्हणत. आज नको, पुन्हा कधीतरी, अशा अर्थाने अमेरिकेतले लोक रोजच्या बोलण्यात जो शब्द वापरतात तो या तुकड्यावरून आला आहे. आमच्या सामन्यात तर एकही पिच, म्हणजे फलंदाजाकडे फेकायचा एकही चेंडू, टाकली गेली नव्हती.

चार दिवसांनी संघाकडून ईमेल आले. आमचा सामना ऑगस्टमधल्या दुसऱ्या एका सामन्याच्याच दिवशी, डबलहेडर म्हणून खेळवला जाणार होता. दुपारी एक आणि संध्याकाळी एक असे हे दोन सामने वेगवेगळ्या तिकिटांचे असणार होते. आमची तिकिटे फक्त दुपारच्या सामन्याला चालणार होती आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे दोन्ही सामने सात-सात इनिंगचे होणार होते.

डबलहेडर दोन प्रकारचे असतात हे इथे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा वाद त्याच फरकावर उभा आहे. जुन्या प्रकारात एकाच तिकिटावर दोन्ही सामने पाहता येतात. पहिला संपला की अर्ध्या तासाने दुसरा सुरू होतो आणि प्रेक्षक आपल्या जागेवरच बसून राहतो. दुसऱ्या प्रकारात पहिल्या सामन्यानंतर मैदान रिकामे करतात आणि दुसऱ्या सामन्याला दुसरे तिकीट लागते. संघाच्या दृष्टीने दुसरा प्रकार सोयीचा असतो, कारण त्यात दोन वेळा तिकिटांचे उत्पन्न मिळते. हे दोन्ही प्रकार गेली कित्येक दशके चालत आले आहेत, पण तोपर्यंत मोठ्या लीगमध्ये दोन्ही सामने नऊ-नऊ इनिंगचेच असत.

सात इनिंगचा नियम १ ऑगस्ट २०२० पासून आला आणि त्यामागचे कारण खरे होते. जुलैच्या अखेरीस मायामी मार्लिन्सच्या संघात कोविडची लागण झाली, पाठोपाठ सेंट लुईस कार्डिनल्सच्या संघात झाली आणि कार्डिनल्सना दोन आठवड्यांहून अधिक काळ मैदानावर उतरता आले नाही. राहिलेले सामने थोड्या दिवसांत उरकायचे, खेळाडूंना तासन्‌तास एकत्र ठेवायचे नाही आणि पिचरांचे खांदेही सांभाळायचे, यासाठी डबलहेडरचे सामने आखूड केले गेले. त्या वर्षी स्टँडमध्ये कोणीच नव्हते, म्हणजे तिकीट घेऊन फसला असा कोणी नव्हताच, आणि म्हणून तेव्हा मला या नियमात काहीही वावगे वाटले नाही. २०२१ मध्ये प्रेक्षक परत आले आणि नियम मात्र तसाच राहिला.

ईमेल आल्यावर मला पहिल्यांदा वाटले की तिकिटे सरळ बदलून घ्यावीत. तशी सोय होती, पण त्यात इतक्या अटी होत्या की मी दोन संध्याकाळ त्यातच घालवल्या. सामना ‘होणार’ असल्यामुळे पैसे परत मिळणार नव्हते. त्याच हंगामातल्या, तेवढ्याच किंवा अधिक किमतीच्या दुसऱ्या सामन्याशी अदलाबदल करता येत होती, मात्र ठरावीक तारखेच्या आत आणि जागा शिल्लक असतील तरच. सेवाशुल्क परत मिळत नव्हते आणि नव्या तिकिटावर ते पुन्हा द्यावे लागत होते. शिवाय चारपैकी दोन तिकिटे मी मित्राच्या बाबांच्या फोनवर पाठवली होती. अदलाबदल मूळ खरेदीदारालाच करता येते, म्हणून त्यांनी ती आधी माझ्याकडे परत पाठवायला हवी होती आणि त्यांच्या खात्यात परत पाठवण्याचे बटण त्या आठवड्यात काही केल्या चालेना. तिकिटे विकून टाकावीत म्हणून मी पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर भाव पाहिला, तर त्याच दिवशीच्या दुपारच्या सामन्याला आमच्यासारख्या जागा निम्म्याहून कमी किमतीत पडून होत्या. सात इनिंगच्या सामन्याची किंमत बाजाराला बरोबर कळली होती. मूळ विक्रेत्याकडे मात्र ती आधीचीच राहिली होती.

शेवटी मी मदतकेंद्राला फोन केला. चाळीस मिनिटांनी एका मुलीचा आवाज आला. ती फार नम्रपणे आणि शांतपणे बोलली, माझी अडचण तिने पूर्ण ऐकून घेतली आणि मग म्हणाली की तिकीट ‘सामन्याचे’ असते, इनिंगचे नसते, आणि सामना किती इनिंगचा हे लीग ठरवते, संघ नव्हे. त्या मुलीवर रागावण्यासारखे काही नव्हते. पण फोन ठेवल्यावर तिचे ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिले, कारण ते चुकीचे आहे असेही मला ठामपणे म्हणता येईना.

त्या रविवारी मुलांची मराठी शाळा सुटल्यावर आम्ही चार-पाच कुटुंबे एका बागेत जमलो आणि तिथे हा विषय निघाला. मित्राचे बाबा पेशाने अकाउंटंट आहेत. त्यांनी कागदी बशीच्या मागे लगेच हिशेब मांडला. ५७ डॉलरला नऊ इनिंग म्हणजे इनिंगला सहा डॉलर तेहतीस सेंट. सात इनिंग म्हणजे आठ डॉलर चौदा सेंट. आणि हाच डबलहेडर एका तिकिटाचा असता तर चौदा इनिंग, म्हणजे चार डॉलर सात सेंट. “वहिनी, नियम एकच आहे,” ते मला म्हणाले, “पण एका प्रकारात आपल्याला घसघशीत फायदा होतोय आणि दुसऱ्यात सरळ तोटा.” त्या बशीवरच्या तीन आकड्यांनी माझे मत पहिल्यांदा बदलले. तोवर मी सात इनिंगच्या नियमावरच चिडले होते. आता मला दिसले की एकाच तिकिटावर दोन्ही सामने दिले तर हाच नियम प्रेक्षकाला उदार वाटू शकतो.

माझ्या एका मैत्रिणीला माझा राग मुळात पटतच नव्हता. तिची मुले सहा आणि चार वर्षांची आहेत आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे ती तीन तासांहून लांबलेला सामना कधीच शेवटपर्यंत पाहू शकलेली नाही. “अगं, मला सात इनिंगच परवडतात. पहिल्यांदाच मी मुलांना शेवटचा बाद दाखवीन,” असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे मला डावलता आले नाही. अमेरिकेत लहान मुलांचे लिटल लीगचे सामने सहा इनिंगचे असतात, शाळांचे सात इनिंगचे असतात आणि खालच्या व्यावसायिक लीगमध्ये सात इनिंगचे डबलहेडर कितीतरी वर्षे चालत आले आहेत. सात हा आकडा बेसबॉलला परका नाही.

सर्वांत भक्कम मुद्दा माझ्या नवऱ्याने मांडला. तो म्हणाला, “बरोबरी झाली की सामना बारा, तेरा, कधी अठरा इनिंगपर्यंत जातो. तेव्हा कोणी दारात उभं राहून जास्तीचे पैसे मागतं का? मग दोन कमी झाल्या तर तू कशाच्या आधारावर परत मागतेस?” मग त्याने वानखेडेचे उदाहरण काढले. पावसामुळे एकदिवसीय सामना पन्नासऐवजी तीस षटकांचा झाला तर आपण पैसे मागत नाही. चेंडू पडला, सामना झाला, विषय संपला. इंग्लंडमध्ये किती षटके झाली त्या हिशेबाने पूर्ण किंवा अर्धे पैसे परत देण्याची पद्धत आहे, हे मी त्याला सांगितले, पण तेही पावसापुरतेच आहे आणि त्याच्या मुद्द्याला ते खरे उत्तर नव्हते.

उत्तर मला दोन दिवसांनी, कामावर जाताना गाडीत सुचले. जादा इनिंग खेळातून येतात. दोन्ही संघ बरोबरीत राहतील हे तिकीट विकताना कोणालाच माहीत नसते. पाऊसही कोणाच्या हातात नसतो. त्या दोन्ही अनिश्चितता विकणारा आणि घेणारा दोघेही सारख्याच स्वीकारतात आणि म्हणून त्यांचा हिशेब कोणी कोणाकडे मागत नाही. आमच्या बाबतीत मात्र ऑगस्टचा तो सामना सात इनिंगचा होणार हे तारीख ठरतानाच संघाला माहीत होते, वेगवेगळी तिकिटे ठेवण्याचा निर्णय त्यांनी ते माहीत असताना घेतला होता, आणि संध्याकाळच्या सामन्याची तिकिटेही ते त्यानंतर पूर्ण भावाने विकत होते. पन्नास षटकांच्या हिशेबात सांगायचे तर हा सामना एकोणचाळीस षटकांचा आहे असे दोन-तीन महिने आधी जाहीर करावे आणि पन्नास षटकांचा भाव तसाच चालू ठेवावा, असे ते झाले. जे आधी माहीत असते ते किमतीत दिसायला हवे, एवढेच माझे म्हणणे होते आणि आजही आहे. नवऱ्याला ते संध्याकाळी सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की हे जसेच्या तसे लिहून संघाला पाठव.

मी तेव्हा पाठवले नाही, कारण सामना पाहिल्याशिवाय तक्रार करणे मला बरोबर वाटेना.

ऑगस्टमधला तो दिवस कडक उन्हाचा होता. पार्किंगचे पैसे पुन्हा भरून आम्ही आत गेलो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ होते, त्यांच्याही मांडीवर टिपणवही होती आणि पहिल्या इनिंगपासूनच त्यांची आणि माझ्या मुलाची गट्टी जमली. त्यांच्या लहानपणी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी डबलहेडर वेळापत्रकातच असत. वडिलांबरोबर ते घरून बांधून आणलेले सँडविच घेऊन दुपारी यायचे आणि एकाच तिकिटावर अठरा इनिंग पाहून रात्री घरी जायचे. शिकागो कब्जचे अर्नी बँक्स प्रसन्न हवा दिसली की “चला, आज दोन खेळू” म्हणायचे, ते त्यांनी मुलाला सांगितले. बँक्स हे १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले होते, आणि इतका मोठा खेळाडू आणखी एक सामना मागायचा ही गोष्ट मुलाला फार आवडली.

सामना चांगला झाला, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवे. प्रत्येक संघाला सत्तावीसऐवजी एकवीसच बाद मिळणार असल्यामुळे चौथ्या इनिंगपासूनच व्यवस्थापक आणीबाणीसारखे वागू लागले. सुरुवातीच्या पिचरला एरवी सहाव्या-सातव्या इनिंगपर्यंत ठेवतात, त्याला पाचव्यातच काढले आणि बुलपेनचे, म्हणजे बदली पिचर तयारी करतात त्या जागेचे, दार उघडले. रटाळ असा भाग जवळजवळ आलाच नाही. पण जे गेले तेही मला तिथेच कळले. नऊ इनिंगच्या सामन्यात मुख्य फलंदाज त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा येतात, तोवर दोघांनीही एकमेकांना ओळखलेले असते आणि सामन्याची सर्वांत बारीक, सर्वांत हुशारीची झुंज तेव्हा होते. ती झुंज त्या दिवशी झाली नाही. सातव्या इनिंगच्या मध्याला सगळे प्रेक्षक उठून हातपाय ताणतात आणि एकत्र गातात. एरवी त्यानंतर बराच खेळ शिल्लक असतो, त्या दिवशी गाणे संपून लोक बसतात न बसतात तोच शेवटचे तीन बाद उरले होते. यजमान संघ मागे होता. दोन झटपट बाद आणि एक उंच उडालेला झेल, आणि सामना संपला. सुरू झाल्यापासून दोन तास वीस मिनिटे झाली होती.

मुलगा पेन्सिल धरून बसून राहिला. “आई, आठवा आणि नववा रकाना रिकामाच ठेवायचा का?” त्याने विचारले. मी काही बोलायच्या आत शेजारच्या आजोबांनी आपली वही पुढे केली. त्यांनी सातव्या रकान्यानंतर एक जाड उभी रेघ ओढली होती आणि त्यापुढे काहीच लिहिले नव्हते. मुलाने तशीच रेघ ओढली. तेवढ्यात कर्मचारी ओळीओळीने येऊन लोकांना उठवू लागले, कारण संध्याकाळच्या प्रेक्षकांसाठी मैदान साफ करायचे होते. आजोबांनी संध्याकाळचे तिकीटही घेतले होते. मधले तीन तास ते बाहेर एका बाकावर बसून काढणार होते, आणि म्हाताऱ्या माणसाला उन्हात बाहेर काढून पुन्हा त्याच खुर्चीवर बसायला आत घेणे मला त्या दिवशी पैशांच्या हिशेबापेक्षाही जास्त खटकले.

त्याच हंगामात आकड्यांच्या बाबतीतही हा प्रश्न उभा राहिला होता आणि गाडीत मुलाने तो काढला. २५ एप्रिल २०२१ रोजी अटलांटात अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सच्या मॅडिसन बमगार्नरने डबलहेडरच्या दुसऱ्या सामन्यात ब्रेव्ह्ज संघाला सातही इनिंग एकही हिट (चेंडू मारून पहिल्या टप्प्यावर, म्हणजे बेसवर, सुखरूप पोहोचणे) मिळू दिली नाही. त्याआधीच्या सामन्यात झॅक गॅलनने त्यांना एकच दिली होती. तरीही बमगार्नरचा तो पराक्रम अधिकृत ‘नो-हिटर’च्या यादीत धरला गेला नाही, कारण १९९१ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे त्यासाठी किमान नऊ इनिंग लागतात. मुलाचे म्हणणे असे की जो सामना पिचरच्या यादीसाठी पुरेसा मोठा नाही तो तिकिटासाठी पूर्ण कसा धरतात. बारा वर्षांच्या मुलाने इतक्या सरळ मांडलेला तो मुद्दा मी घरी गेल्यावर पत्रात जसाच्या तसा घातला.

पत्र दीड पानाचे झाले. त्यात मी पैसे परत मागितले नाहीत. एवढेच लिहिले की आखूड सामने खेळवायचे असतील तर डबलहेडर एका तिकिटाचा करावा, आणि ते जमत नसेल तर प्रत्येक सामन्याचा भाव सात-नवमांश करावा. ४८ डॉलरचे तिकीट त्या हिशेबाने साधारण ३७ डॉलरचे होते. जुलैमध्येच लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी हे नियम महासाथीच्या काळापुरते आहेत अशा अर्थाचे जाहीरपणे सांगितले होते, त्यामुळे पुढच्या वर्षीची आशा होती, पण चालू हंगामात अजून कितीतरी लोकांना असे सामने पाहायचे होते. तीन आठवड्यांनी उत्तर आले. पत्राबद्दल आभार मानले होते, सूचना संबंधितांपर्यंत पोहोचवल्याचे लिहिले होते आणि पुढच्या खरेदीवर थोडी सवलत दिली होती. ती सवलत मी वापरली नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही दुसऱ्या एका मैदानावर एका तिकिटाचा डबलहेडर पाहिला, आणि तिथे माझे मत दुसऱ्यांदा हलले. तिकिटाची किंमत जवळजवळ तेवढीच होती. पहिला सामना सात इनिंगचा, मग अर्धा तास मधली सुट्टी, त्यात आम्ही डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. दुसरा सामना बरोबरीत गेला म्हणून आठव्या इनिंगला सेकंड बेसवर, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांपैकी दुसऱ्यावर, आयता रनर (धावपटू) ठेवून तो पुढे खेळवला. पंधरा इनिंग झाल्या. हिशेबाने पाहिले तर आम्हाला भरपूर मिळाले होते आणि बागेतल्या त्या बशीवरच्या आकड्यांप्रमाणे मी खूश व्हायला हवे होते. तरीही परत येताना मला दोन अर्धवट सामने पाहिल्यासारखे वाटत राहिले. दोन्हींत आठव्या-नवव्या इनिंगचा तो संथ, जीव टांगणीला लावणारा शेवट नव्हता, आणि एका अपुऱ्या गोष्टीला दुसरी अपुरी गोष्ट जोडून तो तयार होत नाही. तोपर्यंत मी सगळे पैशांत मोजत होते. भाव न्याय्य असावा हे माझे म्हणणे मी सोडले नाही, पण योग्य भावात मिळाला तरी सात इनिंगचा सामना मला नको आहे हे त्या रात्री मला कळले. मैत्रिणीला तो चालतो आणि तिच्या मुलांसाठी ते बरोबरही आहे. या बाबतीत आमचे दोघींचे अजूनही जुळलेले नाही.

पुढे नियम बदलला. डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस मालक आणि खेळाडूंमधल्या वादामुळे सगळे काम बंद होते. १० मार्च २०२२ ला करार झाला आणि त्या हंगामापासून डबलहेडर पुन्हा नऊ-नऊ इनिंगचे झाले. सेकंड बेसवरचा रनर मात्र राहिला आणि २०२३ मध्ये तो साखळी सामन्यांपुरता कायमचा झाला. सामने फार लांबतात ही मैत्रिणीची तक्रारही २०२३ मध्ये वेगळ्या मार्गाने सुटली. पिचरला बेस रिकामे असताना १५ सेकंदांत आणि बेसवर रनर असताना २० सेकंदांत पिच टाकायला सुरुवात करणे बंधनकारक झाले. २०२१ मध्ये नऊ इनिंगच्या सामन्याला सरासरी ३ तास १० मिनिटे लागत होती, ती एकदम सुमारे २ तास ४० मिनिटांवर आली, आणि त्यासाठी एकही इनिंग कापावी लागली नाही. पिचरने उगाच चेंडू चोळत उभे राहण्याचा वेळ गेला, प्रेक्षकाच्या वाट्याचा खेळ तेवढाच राहिला. आम्ही बागेत भांडत होतो तेव्हा हा उपाय आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता.

२०२२ च्या उन्हाळ्यात एका पावसाने वाहून गेलेल्या सामन्यापायी आमच्या वाट्याला पुन्हा डबलहेडर आला, या वेळी एका तिकिटाचा आणि पुऱ्या अठरा इनिंगचा. मुलाने नवी वही आणली होती आणि दोन्ही सामन्यांची पाने तो सकाळीच आखून बसला होता. पहिला सामना संपला तेव्हा संध्याकाळ व्हायची होती; दुसऱ्याची आठवी इनिंग चालू असताना रात्रीचे साडेदहा वाजले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला पहाटे विमान गाठायचे होते, म्हणून आम्ही उठलो. मुलाने जराही कुरकुर केली नाही. गाडीत बसल्यावर त्याने रेडिओ लावला, आतला दिवा चालू ठेवायची परवानगी मागितली आणि टर्नपाइक महामार्गावरून घरी येईपर्यंत समालोचन ऐकत नववा रकाना भरला.